‘तुमचं असन त बसा’ : आपली बाटली आणि परक्याचे टेबल

१

वऱ्हाडातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर, रस्त्याकडेच्या ढाब्यावर दिवेलागणीनंतर जेवायला बसले की एक संवाद हमखास कानावर पडतो. मंगरूळपीरही त्याला अपवाद नाही. गिऱ्हाईक आधी भाजीची चौकशी करते, मग आवाज खाली आणून दुसरीच चौकशी करते. मालक मान हलवतो : “आपल्या इथं भेटत नाई भाऊ. तुमचं असन त बसा मांगं.” भिंतीवर पाटी असते, ‘येथे दारू पिण्यास सक्त मनाई आहे’. त्याच पाटीखालून एक पोरगा दोन रिकामे ग्लास, पाण्याची बाटली आणि कांदा-लिंबाची बशी घेऊन मागच्या बाजेकडे जातो.

साहित्याच्या अभ्यासकाने या वाक्याकडे एखाद्या संहितेकडे पाहावे तसे पाहायला हरकत नाही. ‘भेटत नाई’ म्हणजे इथे विक्री होत नाही. ‘तुमचं असन’ म्हणजे वस्तूची मालकी तुमची. ‘बसा’ म्हणजे जागा मात्र आम्ही देतो. आणि ‘मांगं’ म्हणजे रस्त्यावरून दिसणार नाही अशा ठिकाणी. विक्री, मालकी, जागा आणि दृश्यता या चार गोष्टी महाराष्ट्रातल्या दारूबंदीच्या कायद्याने एकमेकींपासून सुट्या केल्या, आणि त्या सुट्या केलेल्या गोष्टी पुन्हा जुळवण्याचे काम ढाब्याच्या मालकाने बोलीतल्या सात-आठ शब्दांत केले आहे. स्वतःची बाटली घेऊन परक्याच्या टेबलावर बसण्याची ही प्रथा आपल्याकडे कशी रुजली आणि तिच्यात नेमके कोण सुटते व कोण अडकते, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

पाश्चात्त्य देशांत या प्रथेला प्रतिष्ठा आहे. आपल्या तळघरात जपलेली वाइन घेऊन रसिकाने उपाहारगृहात जावे, तिथल्या नोकराने बूच काढून ती पेल्यात ओतावी आणि त्या सेवेबद्दल ‘कॉर्केज’ नावाचे शुल्क आकारावे, असा तो शिष्टाचार. परंतु या शिष्टाचाराचा उगम बहुतेक ठिकाणी रसिकतेत नसून परवान्यांच्या टंचाईत आहे. अमेरिकेतील देशव्यापी दारूबंदी १९३३ मध्ये उठली, तेव्हा पेनसिल्व्हेनिया राज्याने मद्यविक्री स्वतःच्या मंडळाकडे घेतली आणि पुढे परवान्यांची संख्या लोकसंख्येशी बांधून टाकली. परवाना महाग आणि दुर्मीळ झाला. म्हणून फिलाडेल्फियातील छोट्या उपाहारगृहांनी ‘तुमची तुम्ही आणा’ अशी मुभा दिली. तिथे ही तडजोड पुढे अभिरुचीची खूण बनली. आपल्याकडे तीच तडजोड गुन्हा बनली. हा फरक का पडला, हे समजण्यासाठी बाटलीपेक्षा जागेचा इतिहास पाहावा लागतो.

२

‘कुठे प्यावे’ हा प्रश्न आपल्याकडच्या राज्यकर्त्यांना नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाचे कर्तव्य सांगितले आहे. मद्य गावाबाहेर नेऊ द्यायचे नाही. ज्याच्या सचोटीची माहिती आहे अशानेच थोड्या प्रमाणात ते सोबत न्यावे. इतरांनी पानागारातच प्यावे. कामगार कामात चुकतील, सभ्य माणसे मर्यादा सोडतील, तापट माणसे अविचार करतील, ही भीती त्यामागे दिली आहे. ते पानागार कसे असावे, हेही ग्रंथकार सांगतो : अनेक दालनांचे, वेगवेगळी आसने आणि शय्या असलेले, गंध, फुले व पाणी यांनी युक्त आणि ऋतुमानानुसार सुखकर. याच प्रकरणात एक नियम असा आहे की नशेत झोपी गेलेल्या गिऱ्हाइकाचे दागिने, वस्त्र किंवा पैसे नाहीसे झाले तर मद्यविक्रेत्याने ते भरून द्यावेत आणि तेवढाच दंडही भरावा.

या शेवटच्या नियमात एक तत्त्व आहे. जो विकतो तोच बसवतो, आणि जो बसवतो तोच जबाबदार असतो. विक्री, जागा आणि उत्तरदायित्व या तिन्ही गोष्टी तिथे एकाच माणसाच्या गळ्यात बांधलेल्या आहेत. कौटिल्याच्या व्यवस्थेचा हेतू लोककल्याणाचा होता की महसुलाचा, यावर वाद घालता येईल. पण त्या व्यवस्थेत पिणाऱ्याचे काय झाले असे विचारायला एक निश्चित दार होते, एवढे खरे.

मराठी भाषेने हीच एकत्र बांधणी दीर्घकाळ जपली. दारूच्या दुकानाला आपण ‘गुत्ता’ म्हणतो. गुत्ता म्हणजे मूळचा मक्ता. महसुलाचा मक्ता घेणाऱ्याची जागा ती पुढे गुत्ता झाली. ‘पिठा’, ‘भट्टी’, ‘कलाली’ हे शब्दही असेच. गाळणे, विकणे आणि बसून पिणे या क्रिया एकाच छपराखाली होत असल्यामुळे त्यांना वेगवेगळे शब्द लागले नाहीत. ‘गुत्त्यावर जातो’ म्हटले की विकत घेणे आणि पिणे दोन्ही त्यात आले. इंग्रजी अमलाने आबकारीचे उत्पन्न पद्धतशीर वाढवले. त्याविरुद्ध पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये दारूच्या वाढत्या दुकानांबद्दल लेखी हरकत घेतली, आणि १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निरोधन झाले, त्याला टिळकांचा पाठिंबा होता. या दोन्ही प्रसंगी विरोधाला एक ठोस स्थळ उपलब्ध होते. दुकान दिसत होते. त्याच्या दारात उभे राहता येत होते. आपल्या झोळीत बाटली घालून जाणाऱ्या माणसाच्या दारात मात्र उभे राहता येत नाही.

३

मुंबई इलाख्यात पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदीचा प्रयोग केला. मंत्रिमंडळाच्या राजीनाम्यानंतर तो विरला. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ आला आणि ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली. फ्राम नसरवानजी बलसारा यांनी या कायद्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये औषधी व प्रसाधनाच्या मद्यार्कयुक्त वस्तूंवरची बंदी आणि आणखी काही कलमे रद्द ठरवली. दारूबंदीचा गाभा मात्र कायम ठेवला. सैन्याची भोजनगृहे आणि परदेशी पाहुणे यांना दिलेल्या सवलतीही न्यायालयाने मान्य केल्या.

मंगरूळपीरचा या इतिहासाशी संबंध थोडा उशिराने येतो. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले. तेव्हाचा बासीम म्हणजे वाशीम जिल्हा १९०५ मध्ये अकोल्यात विलीन झाला. तो पुन्हा वेगळा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला. मध्य प्रांत व वऱ्हाडचा स्वतःचा दारूबंदीचा कायदा १९३८ चा. राज्यपुनर्रचनेनंतर १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५९ च्या विस्तार कायद्याने मुंबईचा अधिनियम इकडेही लागू झाला. म्हणजे मुंबईच्या गिरण्या आणि चाळी डोळ्यांपुढे ठेवून रचलेला कायदा कापसाच्या आणि ज्वारीच्या मुलखाला लाभला. आज त्याच्या नावातले ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आले आहे. ‘दारूबंदी’ मात्र नावात तशीच आहे. राज्याला मद्यापासून मोठा महसूल मिळतो आणि तो ज्या कायद्याखाली मिळतो त्याचे नाव दारूबंदी अधिनियम आहे, ही विसंगती मराठी माणसाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातला विनोदही आता कुणाला जाणवत नाही.

या कायद्याची वाक्यरचना लक्षात घेण्याजोगी आहे. तो आधी सर्व काही निषिद्ध ठरवतो आणि मग परवान्यांनी एकेक दार उघडतो. परवाना वस्तूला नसून व्यक्तीला आणि खोलीला असतो. आरंभीच्या काळात प्रकृतीच्या कारणास्तव वैद्यकीय शिफारशीने परवाना मिळे. फारसीत ‘दारू’ या शब्दाचा एक अर्थ औषध असा आहे. आपल्या ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अजून जिवंत आहे. १९५० च्या दशकातल्या कायद्याने सुखवस्तू माणसापुरती दारूला तिच्या व्युत्पत्तीकडे परत पाठवले, असे म्हणता येईल. ज्याला डॉक्टर परवडत होता त्याची दारू औषध ठरली आणि ती घरात, कपाटात राहिली. ज्याला तो परवडत नव्हता त्याची दारू गुन्हा ठरली आणि ती अड्ड्यावर गेली. ‘आपली बाटली’ ही कल्पना इथे जन्मली. तिच्या जन्माबरोबरच समाजाचे दोन भाग पडले : बाटली आपल्या नावावर बाळगू शकणारे आणि न शकणारे.

महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये झाले. १९६३ पासून मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक मंगरूळपीरपासून फार दूर नसलेल्या पुसदचे. त्यांच्या कारकिर्दीत हे निर्बंध बरेच सैल झाले. मग ‘परमिट रूम’ हा शब्द पाटीवर चढला. मूळची ती परवानाधारकाने आडोशाला बसून पिण्याची खोली. पुढे ती दारू मिळणाऱ्या कुठल्याही हॉटेलाचे मराठी नाव झाली. पिणाऱ्याचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांत तिथल्या तिथेच मिळण्याची सोय झाली, आणि परवाना कुणी मागेनासे झाले. दुसरीकडे बाटली विकणारे ‘वाइन शॉप’ आले. त्यात द्राक्षाची वाइन शोधावी लागते आणि व्हिस्की समोर दिसते. पुढे ‘बिअर शॉपी’ आली. वाइन शॉपने विकायचे, पिऊ द्यायचे नाही. परमिट रूमने बसवून पाजायचे, बांधून द्यायचे नाही. गुत्त्याच्या एका शब्दातल्या क्रिया अशा दोन पाट्यांत विभागल्या गेल्या. या दोन पाट्यांच्या मधल्या अंतरात, बाटली घेतली पण बसायला जागा नाही अशा अवस्थेत, जो माणूस उभा राहिला, त्याला ढाब्याच्या मालकाने म्हटले, ‘तुमचं असन त बसा’.

४

या वाक्याची कायद्याला कल्पना होती. १९४९ च्या अधिनियमात ‘कॉमन ड्रिंकिंग हाउस’ अशी एक संज्ञा आहे. सोप्या मराठीत, सामायिक पिण्याची जागा. ज्या जागेत मालकाच्या किंवा चालकाच्या फायद्यासाठी मद्यपान करू दिले जाते ती ही जागा. मग तो फायदा पिण्याबद्दल घेतलेला असो, जागेबद्दल असो, वा अन्य कोणत्याही मार्गाने असो. कलम ६८ अशी जागा चालवणाऱ्याला शिक्षा सांगते, आणि कलम ८४ तिथे पिताना किंवा पिण्यासाठी म्हणून आढळणाऱ्याला. पिणे चालू असताना जो तिथे सापडेल तो पिण्यासाठीच आला होता असे गृहीत धरले जाते. तसे नसल्यास ते त्याने सिद्ध करायचे. बाटली कोणी आणली, हा प्रश्न या रचनेत दुय्यम आहे.

जुगाराच्या कायद्याशी परिचय असलेल्यांना ही रचना ओळखीची वाटेल. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यातील सामायिक जुगारगृहाची कल्पना याच घडणीची आहे. पत्ते तुमचे असोत की माझे, बसायला जागा देऊन ज्याने नफा कमावला तो दोषी. पाश्चात्त्य उपाहारगृहात कॉर्केज घेणे हे सेवेचे मोल आहे. इथे तेच गुन्ह्याचे लक्षण ठरते, कारण ‘जागेपासून फायदा’ हाच तर आरोप. म्हणून आपल्या ढाब्यावर कॉर्केज कधी बिलात येत नाही. ते चिकनच्या भावात, पाण्याच्या बाटलीत, चकण्याच्या बशीत विरघळून येते. मालक ग्लासाचे पैसे मागत नाही. तो फक्त जेवण घेण्याचा आग्रह धरतो.

डिसेंबरच्या अखेरीस वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या छाप्यांच्या बातम्या येतात. या दोन कलमांखाली ढाबामालक आणि गिऱ्हाइके न्यायालयापुढे उभी केली जातात, दंड भरला जातो, आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मागच्या बाजा पुन्हा मांडल्या जातात. ज्याने ती बाटली विकली त्या दुकानाचा या बातमीत उल्लेख नसतो. त्याने गुन्हाच केलेला नसतो. ज्या पोराने ग्लास नेऊन ठेवले त्याचाही उल्लेख नसतो. तो कायद्याला दिसत नाही. पण छापा पडला तेव्हा बाजेजवळ तोच उभा होता.

५

आपली बाटली नेण्यामागे आर्थिक कारण आहेच, आणि ते राज्याच्या धोरणातूनच येते. दुकानात बाटली छापील किमतीला मिळते. परमिट रूममध्ये तिच्यावर मालकाचा नफा चढतो आणि शिवाय मूल्यवर्धित कर. १ नोव्हेंबर २०२३ पासून हा कर ५ टक्क्यांवरून १० टक्के करण्यात आला. परवाना शुल्क आणि उत्पादन शुल्क वाढले की त्या खोलीतला पेला आणखी महागतो. जो पेला महागतो तो पिणे सोडवतोच असे नाही. पुष्कळदा तो फक्त पिणाऱ्याला उठवून दुसरीकडे बसवतो.

रस्त्याचा इतिहासही यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीला मनाई केली. ती १ एप्रिल २०१७ पासून अमलात आली. छोट्या वस्त्यांसाठी हे अंतर पुढे २२० मीटर झाले आणि जुलै २०१७ मध्ये नगरपालिकांच्या हद्दीतील दुकानांना त्यातून वगळले गेले. अपघात टाळावेत हा त्या निर्णयाचा हेतू निःसंशय चांगला होता. पण महामार्ग हे वऱ्हाडातल्या गावांचे मुख्य रस्तेही आहेत. विक्री रस्त्यापासून दूर गेली. ढाबा रस्त्यावरच राहिला. दोहोंमधले अंतर बाटलीने गिऱ्हाइकाच्या गाडीतून पार केले. ज्याला रस्त्यावर पिऊ नये असे वाटत होते त्यालाच बाटली घेऊन थोडे अधिक गाडी चालवावी लागली.

कोरड्या जिल्ह्यांचा अनुभव याच दिशेने बोलतो. वर्धा १९७५ पासून, गडचिरोली १९९३ पासून आणि चंद्रपूर २०१५ ते २०२१ या काळात दारूबंदी असलेले जिल्हे. गडचिरोलीतल्या बंदीमागे खरे लोकआंदोलन होते, आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही शेजारचा जिल्हा ओला असताना कोरड्या जिल्ह्यात जी बाटली पोचते ती प्रत्येक ‘आपलीच’ असते, म्हणजे कुणीतरी बाहेरून सोबत आणलेली. सीमा ओलांडली की ती तस्करी, न ओलांडली तर खरेदी. गावपातळीवर स्त्रियांनी ‘आडवी बाटली’ला मते देऊन दुकाने बंद केली, तेव्हाही हेच घडताना दिसते. आडवी होते ती दुकानाची बाटली. पिशवीतून येणाऱ्या बाटलीसमोर मतपेटी ठेवता येत नाही.

आणि जिथे परवडणारी कायदेशीर जागाच नसते, तिथे माणूस अड्ड्यावर जातो. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्यांच्याकडे आपली बाटली नव्हती. पाठीमागच्या बाजेवर बसणारा माणूस निदान शिक्का मोडून पितो. मालवणीत शिक्काच नव्हता. ढाब्यावरच्या या प्रथेचा निकाल लावण्याआधी ही पायरीही लक्षात ठेवली पाहिजे.

६

मराठी साहित्यात जागेचा हा प्रश्न सर्वांत भेदकपणे मांडला गेला तो ‘एकच प्याला’त. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी विदर्भातल्याच सावनेरला वारले आणि त्यानंतर महिन्याभरात गंधर्व नाटक मंडळींनी ते रंगभूमीवर आणले. या नाटकाचा विचार आपण बहुधा व्यसनाच्या अंगाने करतो : सुधाकर वकील आहे, सनद काही काळासाठी जाते, तळीराम पहिला प्याला पुढे करतो आणि अधःपात सुरू होतो. पण नाटकातील स्थळांचा क्रम पाहिला तर वेगळीच गोष्ट दिसते. ‘आर्य मदिरा मंडळ’ ही गडकऱ्यांची कल्पना केवळ विनोदासाठी आलेली नाही. ते दुकान नव्हे आणि घरही नव्हे. तिथे शास्त्री आणि खुदाबक्ष एकत्र बसतात. तिथे पिणे हे सभासदत्व होते, त्याला भाषणे आणि ठराव मिळतात. कोणीही कोणाला पाजलेले नसते, सगळे आपापल्या खुशीने आलेले असतात. तळीरामाचे सामर्थ्य त्याच्या प्याल्यात नसून ‘तुम्ही आपण होऊन आलात’ असे पटवून देण्यात आहे.

त्या मंडळाचा हिशेब मात्र मंडळात होत नाही. तो सिंधूच्या घरात, जात्यावर, पाळण्याशी होतो. ‘आर्य मदिरा मंडळ’ आणि ढाब्याची मागची बाज यांच्यात शंभर वर्षांचे अंतर असले तरी रचना तीच आहे : जी जागा कुणाचीच नाही तिथे पिणे आणि जी जागा आपली आहे तिथे त्याचे मोल चुकवणे.

गाडगेबाबांच्या चरित्रातला एक प्रसंग या संदर्भात आठवतो. चरित्रकार सांगतात की मुलीच्या बारशाला जातभाईंना मटण आणि दारू द्यायची रीत असताना डेबूजीने गोडाचे जेवण घातले. मंडळी नाराज झाली. त्यांचे वडील दारूपायी गेले होते, ही त्या नकारामागची पार्श्वभूमी. आपल्या चर्चेत या प्रसंगाचे महत्त्व नैतिक उपदेशापेक्षा वेगळे आहे. घर त्यांचे, पंगत त्यांची, म्हणून निर्णयही त्यांचा, आणि त्याचा रोषही त्यांनी स्वतः पत्करला. यजमान म्हणजे काय, याची ही व्याख्या आहे. ताट वाढणाऱ्याने पंगतीत काय येते याची जबाबदारी घ्यायची असते. ‘तुमचं असन त बसा’ म्हणणारा माणूस यजमानपण आणि परकेपण दोन्ही एकाच वेळी सांभाळू पाहतो.

७

मंगरूळच्या नावातला पीर म्हणजे हयात कलंदर. दर्ग्यामुळे या मंगरूळला इतर मंगरुळांपासून वेगळे नाव मिळाले. फारसी काव्यात कलंदर आणि मद्यशाळा ही शेजारशेजारची ठाणी आहेत आणि तिथल्या मद्यशाळेच्या प्रमुखालाही ‘पीर’च म्हणतात. अर्थात ती मदिरा रूपकाची. साधकाला बेभान करणारा आणि त्या बेभानपणाची जबाबदारी घेणारा गुरू एकच, असा त्या रूपकाचा आशय. माधव जूलियनांनी उमर खय्यामाला मराठीत आणले तेव्हापासून ही प्रतिमा आपल्या कवितेतही आहे. म्हणजे कौटिल्याचा सुराविक्रेता असो की फारसी कवीचा पीर, जो प्याला देतो तो पिणाऱ्याच्या पाठीशी उभा असतो, ही कल्पना दोन्हीकडे सारखी आहे. आधुनिक कायद्याने आणि आधुनिक बाजाराने मिळून ही कल्पना मोडली.

आज दुकानदार म्हणतो, माझ्याकडे कुणी पीत नाही. ढाबेवाला म्हणतो, माझ्याकडे कुणी विकत नाही. गिऱ्हाईक म्हणते, माझी बाटली, माझे पैसे. राज्य म्हणते, कायद्याचे नाव पाहा, आम्ही तर दारूबंदीवालेच. हे चौघेही आपापल्या जागी खरे बोलतात. चार खऱ्या वाक्यांची बेरीज करून जे तयार होते ते मात्र एक मोठे असत्य आहे, आणि ते रात्री अकरा वाजता कुणाच्या तरी घराचे दार ठोठावते. त्या घरातल्या स्त्रीला या चौघांपैकी कुणाकडेही दाद मागता येत नाही.

यावर तोडगा कोणता, याबद्दल मतभेद राहतील. ढाब्याला वाजवी शुल्कात परवाना देऊन मागची बाज पुढच्या उजेडात आणावी आणि त्याबरोबर वय तपासण्याचे, गाडी चालवू न देण्याचे, पोरांना त्या कामाला न लावण्याचे बंधन घालावे, असे एक मत असू शकते. त्याने व्यसनाला प्रतिष्ठा मिळेल, अशी शंका गडचिरोलीच्या अनुभवातून येणारे घेतील आणि तीही बिनबुडाची नाही. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हाचा वाद याच दोन टोकांत घुटमळला आणि निर्णय अमलात आला नाही. त्या वादात विक्रीबद्दल पुष्कळ बोलले गेले. बसण्याबद्दल फारसे कुणी बोलले नाही. मला स्वतःला पहिल्या मताकडे झुकावेसे वाटते, पण एका अटीवर : परवाना महसुलासाठी नसून उत्तरदायित्वासाठी द्यायचा. झोपी गेलेल्या गिऱ्हाइकाच्या अंगठीचीही भरपाई विक्रेत्याकडून घेणारा जुना ग्रंथकार या बाबतीत आपल्यापेक्षा अधिक व्यवहारी होता.

तोवर मंगरूळपीरच्या बाहेर मागच्या बाजेवर कुणीतरी बसलेले असेल. पाटी भिंतीवर असेल आणि पोरगा ग्लास आणत असेल. वऱ्हाडी बोलीत ‘असन’ या क्रियापदात ‘असेल’ची शक्यता आहे, ‘आहे’ची खात्री नाही. ‘तुमचं असन त’. असेल तर. नसेल तर मला ठाऊक नाही. असले तरी मी पाहिलेले नाही. आपल्या दारूबंदीचा सारा इतिहास त्या एका क्रियापदात मावतो.